मक्याचं विरजण

संपादकांचा फोन आला. म्हणाले, "मॅडम, नोकरीतला एखादा अनुभव लिहा. हलकाफुलका. अंक घरात लहानथोर सगळे वाचतात, तेवढं ध्यानात ठेवा." मी म्हटलं, "अहो, माझी एकतीस वर्षांची नोकरी गाईम्हशींच्या शेपटीखाली गेली. लहानथोरांनी वाचण्यासारखं मी त्यातून काय काढू?" ते हसले आणि "तेच लिहा की," म्हणून मोकळे झाले. तेव्हा आता ज्यानं त्यानं आपल्या जबाबदारीवर वाचावं. हातात चिवड्याची ताटली असेल तर आधी ती संपवून घ्या.

मी जनावरांची डॉक्टर. सरकारी दवाखान्यात होते, निवृत्त झाले, आता कसबा बावड्यात राहते आणि शेजारणींच्या कुत्र्यांना फुकट सल्ले देते. पण ज्या गोष्टीनं माझी झोप उडवली होती ती कुत्र्याची नाही, म्हशीची आहे. आणि खरं सांगायचं तर म्हशीचीही नाही, माझीच आहे.

आधी धंद्यातली दोन अक्षरं सांगते, म्हणजे शहरातल्या वाचकांना अडायला नको. म्हैस व्याली की काही महिने दूध देते, मग आटते. पुन्हा दूध हवं तर पुन्हा व्यायला पाहिजे, आणि व्यायची तर आधी गाभण राहायला पाहिजे. गाभण राहायची तिची तयारी झाली की तिला माजावर आली म्हणतात. हा माज साधारण एकवीस दिवसांनी येतो आणि दिवसभरात निघून जातो. तेवढ्यात डॉक्टरला बोलावून रेतन केलं, म्हणजे रेड्याचं बीज नळीनं आत सोडलं, तर म्हैस फळते. नाही फळली तर 'उलटली' म्हणायचं आणि पुन्हा एकवीस दिवस वाट बघायची. गाय माजावर आली की हंबरून गल्ली डोक्यावर घेते. म्हैस मात्र मुखदुर्बळ. तिचा माज कित्येकदा मालकाच्या नाकासमोरून जातो आणि त्याला पत्ता लागत नाही.

त्यात आमच्याकडं डॉक्टर बाईमाणूस! पुरुषांची मोठी पंचाईत व्हायची. बाईसमोर 'माज' हा शब्द कसा काढायचा? एकजण म्हणायचा, "म्हशीची तब्येत जरा नाजूक हाय." दुसरा म्हणायचा, "तिचं मन लागंना." एकानं तर टोपी काढून हातात घेतली आणि म्हणाला, "म्याडम, आमची म्हस जरा लाडात आलीया." मी खवळायचे. "मनाचं राहू द्या, शेपटीखालचं सांगा! सूज आहे का? चिकट तार गळते का?" मग तो लाल व्हायचा आणि आमच्या ईश्वराकडं बघायचा. ईश्वरा आमच्या दवाखान्यातला ड्रेसर, पन्नाशीचा, मलमपट्टीपासून म्हशीच्या शिंगाला दोर लावण्यापर्यंत सगळं करायचा. तो गंभीर चेहऱ्यानं त्या माणसाला कोपऱ्यात न्यायचा, कानात काहीतरी ऐकायचा आणि मला येऊन सांगायचा, "माजच हाय म्याडम, चला."

माझ्या हाताला मात्र यश होतं. ही बढाई नाही, पंचक्रोशी म्हणायची. "म्याडमनी भरलेली म्हस उलटत न्हाई," असं दूध संस्थेच्या कट्ट्यावर बोललं जायचं आणि मी ते ऐकू न आल्यासारखं करून नीट ऐकायचे. माणसाला एवढं यश मिळालं की त्याचं डोकं कामातनं जातं, ते माझंही गेलं होतं.

निवृत्तीला दीड वर्ष राहिलं असताना गौराक्काची गाठ पडली. गाव कुरुंदवाडच्या पलीकडचं, नदीकाठचं, ऊस आणि मक्याचं. नाव सांगत नाही. सांगितलं तर तिथली मंडळी दिवाळीला घरी येतील, फराळ खातील आणि वर भांडतील. गौराक्का उंचीनं माझ्या खांद्याला, आवाजानं माझ्या दुप्पट. म्हशीशी कानडीत बोलायची, नवऱ्याशी मराठीत, आणि भांडायची वेळ आली की दोघांशी दोन्ही भाषांत. नवरा मल्लाप्पा. हा त्या लाजऱ्या जमातीचा मुकुटमणी. एकदा त्यानं म्हशीबद्दल सांगायला मला फोन केला आणि चार मिनिटं नुसता उसाबद्दल बोलून ठेवून दिला.

त्यांची म्हैस राणी. गौराक्काच्या भावानं तिला माहेराहून दिलेली रेडी, हिनं बाटलीनं दूध पाजून वाढवलेली. दोन वेत, म्हणजे दोन बाळंतपणं, छान झाली आणि मग राणी जी थांबली ती थांबलीच. दूध आटलं, माज दिसेना. मल्लाप्पा लाजरा खरा, पण हिशेबाला पक्का. मी पहिल्यांदा गेले तेव्हा जेठ महिना होता. गोठ्यातच त्यानं, माझ्याकडं न बघता, खुंट्याकडं बघत निकाल दिला, "दसऱ्यापतोर गाभण ऱ्हायली तर ऱ्हायली. न्हाईतर वडगावचा बाजार."

भाकड म्हैस बाजारात गेली की पुढं कुठं जाते ते आमच्याकडं कुणी बोलत नाही, पण सगळ्यांना ठाऊक असतं. गौराक्का म्हणाली, "मग मला बी त्याच टेंपोत घाला." आणि माझ्याकडं वळून, "बाई, तुमच्या हाताचं लई ऐकलंय. माजी राणी ऱ्हायली पायजे हितं. बाकी मला काय नगं."

मी तपासलं. आत दोष काही नव्हता, नुसता अशक्तपणा होता. दुसऱ्या गावाला एक गाय अडली होती, तिथून फोनवर फोन येत होते. मी घाईत चिठ्ठी लिहिली. खनिज मिश्रण रोज पन्नास ग्रॅम. मोड आलेला मका रोज अर्धा किलो. हा मोडाचा उपाय काही माझा शोध नाही, पिढ्यान् पिढ्या चालत आलाय. मोड आले की धान्यातलं सत्त्व वाढतं, जनावर चवीनं खातं, आणि मालकाला आपण काहीतरी केल्याचं समाधान मिळतं. माझ्या अनुभवात तिसऱ्या कारणानं निम्मी जनावरं बरी होतात.

पंधरा-वीस दिवसांत गौराक्काचा फोन. फोन कसला, हाळीच. "बाई, या! माज आलाय! असा आलाय की बगतच ऱ्हावा!"

खरंच बघत राहावा असा होता. सूज ठसठशीत, तार गळतीय, राणी एका जागी ठरत नाही. एवढा ढळढळीत माज मी म्हशीत क्वचितच पाहिलेला. मी हातमोजा चढवला, हात आत घातला. आणि हाताला काहीतरी निराळं लागलं. खऱ्या माजात आतली गर्भाची पिशवी कशी ताठ लागते, तशी ती नव्हती. ढिली, सुस्त. पण बाहेरचा थाट असा की मी हाताचं ऐकलं नाही, डोळ्यांचं ऐकलं. रेतन केलं. गौराक्कानं मला खण-नारळ देऊन ओटी भरली. म्हशीच्या गोठ्यात, एका हाताला शेण, अशी माझी ओटी भरली गेली.

नवव्या दिवशी पुन्हा फोन. "बाई, परत आलाय!" नवव्या दिवशी? एकवीस कुठं, नऊ कुठं! गेले. तोच थाट. पुन्हा रेतन. मग बाराव्या दिवशी. मग माज जाईचना. आठ-आठ दिवस राणी आपली सुजलेली आणि बेचैन. मी पिशवी धुतली, इंजेक्शनं दिली, बीजाच्या कांड्या बदलल्या, ज्या नायट्रोजनच्या टाकीत त्या ठेवतात ती टाकी तपासली, शेवटी ईश्वराची नखं सुद्धा तपासली. तो म्हणाला, "म्याडम, मी तर नुसती शेपटी धरतोय."

श्रावण सरत आला. दूध संस्थेच्या कट्ट्यावरचं बोलणं आता माझ्या कानावर यावं अशाच आवाजात होऊ लागलं. "म्याडमचा हात उतरला." कुणी म्हणालं वय झालं. कुणी म्हणालं, गेल्या अमावास्येला त्यांनी काळ्या कुत्र्याला टोचलं तवापासनं. मला घास गोड लागेना. मल्लाप्पा काही बोलायचा नाही, पण जाताना एक वाक्य टाकायचा, "दसरा आला जवळ." माझ्या हातचं एक जनावर टेंपोत चढणार आणि ते बघायला गौराक्का उंबऱ्यात उभी असणार, हे चित्र डोळ्यांपुढून हलेना.

गौरी-गणपतीच्या आदल्या आठवड्यात दुपारी मी घरी जेवत होते. फोन सुनेच्या हाताशी होता. टिंग वाजला, तिनं उघडला आणि दचकून ताटावर पालथा घातला. "आई, कुणा मल्लाप्पाचा मेसेज आहे. फोटो आहे. कसला ते… तुम्हीच बघा." मल्लाप्पानं लाजेवर तोड काढली होती. बोलायला नको म्हणून त्यानं जनावराचा मागून फोटो काढून पाठवला होता, वर हात जोडलेलं चित्र आणि 'शुभ दुपार'.

मी फोटो बघितला आणि घास हातातच राहिला. ती राणी नव्हती. ती सोनी होती. त्यांच्या गाईची सात महिन्यांची कालवड. मागं सूज, आणि कास अशी भरलेली की उद्या-परवा विणार असं वाटावं. सात महिन्यांची पोर! उड्या मारायचं वय तिचं! माझ्या डोक्यात पहिल्यांदाच उजेड पडला की हे राणीच्या पोटातलं दुखणं नाही, बाहेरून काहीतरी पोटात चाललंय. मी हात धुतला आणि ईश्वराला फोन केला.

गोठ्यात शिरल्या शिरल्या मी विचारलं, "गौराक्का, ह्या कालवडीला काय घालतेस?"

"काय बी न्हाई. राणीच्या पाटीतलं उष्टं खातीया चोरून. लई हावरी."

"आणि गाईला?"

"गाईला कशाला? गाय ह्यांची हाय. मका राणीचा."

"कुठला मका?"

"कुठला म्हंजे? तुमचाच की, बाई!" तिनं कौतुकानं माझ्याकडं बघितलं. "या, दावते."

न्हाणीच्या मागं, सदा ओल असते अशा जागी, दोन घमेली होती, वर ओलं पोतं. गौराक्कानं पोतं उचललं. आत मका दिसतच नव्हता. सगळीकडं गुलाबी-पांढरी लव, बोटभर उंच, मऊशार. असा कुबट भपकारा आला की ईश्वरानं लागोपाठ सात शिंका दिल्या आणि आठवीला तो अंगणात जाऊन बसला.

"किती दिवसांचं हे?"

"धा-बारा दिसाचं. आदी साधंच करत होतो, दोन दिसात मोड यायचं. मग एकदा पाऊस लागला, आमी लग्नाला गेलतो, आलो तर असा बुरा धरलेला. टाकायचं जिवावर आलं म्हणून घातलं, आणि काय सांगू बाई, चौथ्या दिशी राणीला माज! तवा माज्या ध्यानात आलं, मोडात काय न्हाई, सगळं सत्त्व बुऱ्यात हाय." ती आवाज खाली आणून, पाककृती सांगावी तशी म्हणाली, "आता मी काय करतो, जुन्यातलं मूठभर नव्यात घालतो. इरजण. कसं झ्याक धरतंय बगा!"

"अगं, बुरशी आहे ही!"

"व्हय की. दही काय, इडलीचं पीठ काय, समदं असंच की. हे घालाय लागल्यापास्नं राणीचा माज सरता सरंना!"

या शेवटच्या वाक्यात सगळं निदान होतं. तीन महिने मी जे शोधत होते ते या बाईनं एका दमात सांगून टाकलं.

आता हे नीट समजून घ्या, कारण हे तुमच्याही गोठ्यात होऊ शकतं. ओल्या मक्यावर एक बुरशी येते, पुष्कळदा गुलाबी छटेची. ती दाण्यात एक विष तयार करते. ते खाऊन जनावर तडफडत नाही, पडत नाही, म्हणून कुणाला संशय येत नाही. हे विष मादीच्या अंगातल्या संप्रेरकाचं सोंग घेतं. अगदी हुबेहूब तोतया. शरीर त्याला फसतं आणि माजाची सगळी तयारी करतं. सूज येते, तार गळते, जनावर बेचैन होतं. पण आत अंडं सुटतच नाही. मांडव घातला, वाजंत्री लावली, पण नवरीच नाही, असं ते लग्न. कितीही रेतन करा, गाभण राहणार कशी? डुकरांना हे विष फार बाधतं, गाईम्हशींना त्या मानानं कमी, कारण त्यांच्या पोटात बरंच पचून जातं. पण रोज अर्धा किलो, तेही विरजण लावून खास पिकवलेलं घातल्यावर म्हैस तरी काय करणार? आणि माज दिसला की गौराक्काला वाटायचं औषध लागू पडलं, म्हणून ती माप वाढवायची.

माझा पारा चढला. लाजेनं चढला होता, हे आज कळतं. त्या वेळी मी नुसती ओरडले. "बुरशी आलेलं स्वतःच्या ताटात घेशील का? डोकं नाही का तुला? एवढं साधं कळत नाही?"

गौराक्का घरात गेली. मला वाटलं रडायला गेली. ती देव्हाऱ्यातून एक कागद घेऊन आली. माझी चिठ्ठी. तिच्यावर हळदकुंकू वाहिलेलं होतं. तिनं ती माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "वाचा."

मोड आलेला मका रोज अर्धा किलो. बास. किती दिवसांत मोड आणायचे, धुवायचा की नाही, वास आला तर टाकायचा, काही काही नाही. माझंच वळणदार अक्षर.

"ह्यात 'दोन दिस' एवढं लिवलं असतं," गौराक्का म्हणाली, "तर काय शाई सरली असती?"

अख्ख्या नोकरीत मला कुणी इतकं नेमकं सुनावलं नव्हतं. मी म्हटलं, "चुकलं माझं." पण पुटपुटले, मोठ्यानं म्हणवलं नाही.

आणि एवढ्यावर भागतंय कुठलं! ईश्वरा अंगणातनं नाक पुसत आला आणि म्हणाला, "म्याडम, शेजारच्या न्हाणीमागं बी पोतं हाय." गौराक्कानं मान खाली घातली. तिनं विरजण वाटलं होतं. दह्याचं वाटतात तसं, वाटी-वाटी. ज्याची म्हैस माज दाखवत नाही त्यानं गौराक्काकडून मूठभर न्यायचं. अर्ध्या गावात गेलं होतं, आणि त्याला नाव पडलं होतं 'म्याडमचा मका'.

त्या संध्याकाळी मी दूध संस्थेच्या कट्ट्यावर उभी राहिले. दुधाची किटली घेऊन सगळे जमलेले. माझ्या यशाच्या गोष्टी जिथं सांगितल्या जायच्या तीच जागा. मी सांगितलं, "मका मी सांगितला. अर्धवट सांगितला. चूक माझी आहे, गौराक्काची नाही. बुरा आलेला मका विष आहे. सगळ्यांनी आत्ताच्या आत्ता बाहेर काढा."

कुणी हललं नाही. एक म्हातारी म्हणाली, "गुण येतोय तर बंद करा म्हणतीया. आता कंपनीचं औषध खपवायचं असंल." दुसरा म्हणाला, "माझ्यात न्हाईच ओ," आणि त्याच्या सदऱ्याला गुलाबी पूड लागलेली. सत्तरीच्या एका आजोबांनी मला बाजूला घेतलं, इकडंतिकडं बघितलं आणि विचारलं, "म्याडम, ह्यो मका माणसाला…" मी त्यांना पुढचं बोलू दिलं नाही.

शेवटी मी आणि ईश्वरा दारोदार फिरलो. त्याचं नाक त्या दिवशी सोन्याचं ठरलं. ज्या घरात तो शिंकला तिथं पोतं सापडायचं. पुढं पुढं लोक त्याला बघूनच घमेलं बाहेर आणायला लागले. गावाबाहेर खड्डा काढला, त्यात सगळा मका, वर चुना, वर माती. निम्मं गाव बघायला आलेलं. एकानं विचारलं, "नारळ फोडायचा काय?" मी एवढी चिडलेली की म्हटलं, "फोडा!" आणि त्यांनी खरंच फोडला. खोबरं वाटलं. मीही खाल्लं, दुपारपासून उपाशी होते.

राहिली राणी. विष अंगातून जायला वेळ लागतो. मग शरीराची घडी बसायला, आणि मग खरा माज यायला. दसरा दीड महिन्यावर. आणि समजा आला, रेतन केलं, तरी गाभण आहे की नाही हे हातानं खात्रीनं सांगायला आणखी तीन महिने. मी मल्लाप्पापुढं उभी राहिले. म्हटलं, "मला संक्रांतीपर्यंत वेळ द्या. मागायचं तोंड नाही, तरी मागते."

मल्लाप्पानं आयुष्यात पहिल्यांदा माझ्या तोंडाकडं बघितलं. म्हणाला, "म्याडम, डाक्टर चुकलो म्हणतोय, असं माज्या उमरीत ऐकलं न्हाई. दसऱ्याचं ऱ्हाऊ दे. संक्रांत धरू." आणि एवढं बोलल्याबद्दल लाजून तो रानात निघून गेला.

गौराक्का मात्र माझ्याशी बोलायची बंद झाली. तिच्या गल्लीनं तिला 'इरजणवाली' म्हणायला सुरुवात केली होती, दोघीतिघींनी तर पाणवठ्यावर तोंड फिरवलं होतं, आणि ते सगळं माझ्या एका अर्धवट ओळीमुळं. मी गेले की ती गरम पाणी आणि साबण ठेवायची, चहा ठेवायची आणि आत जायची. मी बोलले तर म्हशीकडं बघून कानडीत उत्तर द्यायची. मला कानडी येत नाही हे तिला चांगलं माहीत होतं.

सोनीची सूज पंधरा दिवसांत उतरली आणि ती परत उड्या मारायला लागली. राणी शांत झाली. इतकी शांत की मला धडकी भरली. घटस्थापनेच्या सकाळी मल्लाप्पाचा मेसेज आला, यावेळी फोटो नाही, फक्त 'या'. गेले. बाहेरून फार काही दिसत नव्हतं. थोडीशी सूज, बारीकशी तार. म्हशीचा असतो तसा साधा, चोरटा माज. हात आत घातला आणि पिशवी ताठ लागली. यावेळी मी हाताचं ऐकलं. रेतन केलं. ओटी कुणी भरली नाही.

एकवीस दिवस झाले, माज परतला नाही. बेचाळीस झाले. तेवढ्यावर विश्वास ठेवायची माझी हिंमत उरली नव्हती. संक्रांत आली, अख्ख्या गल्लीनं मला तिळगूळ दिला, 'गोड बोला' म्हणाली. गौराक्कानं वाटी मल्लाप्पाच्या हाती पाठवली.

संक्रांतीनंतर दोन दिवसांनी मी तपासायला गेले. कसं कळलं कोण जाणे, गोठ्याच्या दारात पंधरा-वीस माणसं उभी. खड्ड्यावर खोबरं खाल्लेली सगळी. मल्लाप्पानं राणीचं दावं धरलं, ईश्वरानं शेपटी. गौराक्का खांबाला टेकून उभी, पदराचं टोक दातात.

हजारो जनावरं तपासली असतील मी. त्या दिवशी हातमोजा दोनदा उलटा चढवला. हात आत गेला, खांद्यापर्यंत. मी डोळे मिटले. डाव्या बाजूला काही नाही. उजवीकडं गेले. पिशवी खाली उतरलेली, जड, पाण्यानं भरलेल्या फुग्यासारखी. मी बोटानं हळूच टिचकी दिली, तर आतून काहीतरी टणक, सुपारीएवढं, बोटाला लागून मागं गेलं आणि पुन्हा येऊन लागलं.

मला म्हणायचं होतं, "गाभण आहे." शब्दच फुटेना. सगळे माझ्या तोंडाकडं बघताहेत. मल्लाप्पा म्हणाला, "म्याडम, न्हाई काय?" मी मान हलवली. ती होकाराची की नकाराची कुणाला कळेना. ईश्वरानं शेपटी सोडून मला विचारलं, "हाय का न्हाय?" तेव्हा कुठं मी हात बाहेर काढला आणि ओरडले, "आहे! आहे की रे बाबांनो!"

दारात गलका झाला. मल्लाप्पानं राणीच्या कपाळावर कपाळ टेकलं आणि तसाच उभा राहिला. मला मात्र हुंदका आवरेना. निवृत्तीला आलेली सरकारी डॉक्टरीण, गोठ्याच्या मधोमध, सगळ्या गावासमोर लहान पोरीसारखी रडत होते. डोळे पुसायला मी हात वर नेला.

तोच मनगटाला कुणीतरी करकचून धरलं. गौराक्का होती. तिचेही डोळे वाहत होते. चार महिन्यांत पहिल्यांदा ती माझ्याशी मराठीत बोलली.

"बाई, आदी हात धुवा. मग काय रडायचं ते रडा."